नाव पुसून पाठवलेलं ॲनिमे घराघरात कसं पोचलं: डबिंगच्या खुर्चीतून एक उत्तर

डबिंग शिकायला माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने परवा विचारलं, "सर, ॲनिमे जगभर गेलं ते इंटरनेट आणि ओटीटीमुळेच ना? त्याच्या आधी जपानच्या बाहेर कोण बघत होतं? आणि जुन्या डबिंगवाल्यांनी मूळ गोष्टीची पार वाट लावली असं सगळे म्हणतात, ते खरंय का?" तेव्हा रेकॉर्डिंग चालू होतं म्हणून दोन वाक्यांत उत्तर देऊन सोडून दिलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून आता सविस्तर लिहितोय. मी पंचवीसएक वर्षं मुंबईत हिंदी-मराठी डबिंगची स्क्रिप्ट लिहितोय आणि आर्टिस्टकडून ती लिपवर, म्हणजे पडद्यावरच्या ओठांच्या हालचालीवर, बसवून घेतोय, त्यामुळे माझं उत्तर त्या खुर्चीतून दिसतं तसंच येणार.

आधी थेट उत्तर देतो. नाही, इंटरनेटमुळे नाही. इंटरनेट घराघरात यायच्या तीसएक वर्षं आधीपासून जपानी कार्टून अमेरिकेत लागत होती, मग स्पेन, जर्मनी, इटली, फ्रान्स, फिलिपिन्स, अरब देश, आणि 1993 मध्ये आपल्या दूरदर्शनवरसुद्धा. फरक एवढाच की बघणाऱ्या पोरांना ते जपानी आहे हे माहीतच नव्हतं, कारण कुणी सांगितलंच नव्हतं. चॅनलला कमी पैशात वेळ भरायचा होता आणि ते काम आपापल्या भाषेत बसवून देणारी माणसं होती, या दोन गोष्टींमुळे ते पोचलं. त्यातली दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मी तीच जास्त सांगणार आहे.

सुरुवात सिनेमापासून झाली खरी. 1956 मध्ये तोएई डोगा हा स्टुडिओ उभा राहिला, 1958 मध्ये त्यांनी 'हाकुजादेन' हा जपानचा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट काढला, आणि 1961 मध्ये तोएईचे तीन सिनेमे अमेरिकेत लागले. फार चालले नाहीत. ते तिथेच सोडू, खरी गोष्ट टीव्हीची आहे.

1 जानेवारी 1963 ला फुजी टीव्हीवर चित्रकथाकार ओसामु तेझुकांचं 'तेत्सुवान आतोम' हे रोबो पोराचं कार्टून सुरू झालं. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा एपिसोड, तोही मोजक्या माणसांत काढायचा, म्हणजे डिस्नेसारखं गुळगुळीत ॲनिमेशन शक्यच नव्हतं. तेझुकांनी तो खर्चापेक्षा कमी किमतीला चॅनलला दिला होता हे आता सगळ्यांना माहीत आहे, आणि भरपाई व्यापारी हक्कांतून आणि परदेशी विक्रीतून करायची असा हिशेब होता. म्हणजे बघ, बाहेर विकणं ही नंतर सुचलेली गोष्ट नव्हती, पोटाचाच प्रश्न होता. अमेरिकेत एनबीसी एंटरप्रायझेसने ते घेतलं, नेटवर्कवर दाखवायला नाही, तर शहराशहरांतल्या लोकल स्टेशनांना विकायला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते 'ॲस्ट्रो बॉय' नावाने तिकडे सुरूपण झालं. जपानमध्ये 193 एपिसोड झाले, अमेरिकेत 104 डब झाले. नऊ महिन्यांत टोकियोहून अमेरिकेतल्या घरात, 1963 साली!

आता हे डबिंगला इतकं सोपं का गेलं ते सांगतो, कारण इथेच बहुतेक लेखांमध्ये एक ओळ लिहून पुढे जातात. सिनेमाच्या फिल्ममध्ये सेकंदाला 24 फ्रेम. चांगल्या फुल ॲनिमेशनमध्ये दर एक-दोन फ्रेमला नवीन चित्र लागतं. तेझुकांच्या टीमने एक चित्र तीन-तीन फ्रेम धरलं, म्हणजे सेकंदाला फार तर 8 चित्रं, आणि बोलण्याच्या सीनमध्ये तर चेहरा तसाच ठेवून फक्त तोंड हलवायचं, तेही वेगळ्या सेलवर, म्हणजे पारदर्शक शीटवर, काढलेलं. मिटलेलं, अर्धं उघडं आणि पूर्ण उघडं, बस, तीन तोंडं. जपानीत याला 'कुची पाकु' म्हणतात, म्हणजे तोंडाची उघडझाप. त्या तोंडाला प, फ, ब, म कळत नाही, ओठ मिटवायची अक्षरं कुठे आली ते दिसत नाही, नुसती उघडझाप दिसते. माणसांचा सिनेमा डब करताना आमचा सगळ्यात जास्त वेळ ओठ मिटणाऱ्या अक्षरांत जातो, इथे तो प्रश्नच नाही. उघडझाप मोजायची, पॉज कुठे आहे ते बघायचं, आणि लिहायचं.

एक साधं उदाहरण घे. जपानीत कुणाला थांबवायचं तर 'माते!' म्हणतात. दोन अक्षरं, तोंड दोनदा उघडतं. हिंदीत 'रुको!' बरोब्बर बसतं. मराठीत नुसतं 'थांब!' लिहिलंस तर आवाज संपला आणि तोंड अजून एकदा उघडतंय, ते लगेच डोळ्याला खटकतं, म्हणून आपण 'थांब रे!' करतो आणि काम होतं. शिवाय जपानीत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, त्यामुळे ज्या जागी पात्र दम घेऊन शेवटचा शब्द टाकतं त्याच जागी आपलाही शब्द पडतो. इंग्लिशवाल्यांना ही सोय नव्हती. त्यांचं वाक्य उलटं, वर जपानी वाक्यात अक्षरं भरपूर आणि इंग्लिशमध्ये तेच चार शब्दांत संपतं, मग उरलेली उघडझाप भरायची कशी? हे त्या लोकांनी तेव्हा एकेक एपिसोड करत शोधून काढलं, आधी कुणी रस्ता आखून ठेवला नव्हता.

'ॲस्ट्रो बॉय'चं इंग्लिश करणारा माणूस फ्रेड लॅड. न्यूयॉर्कमध्ये काम चालायचं, आणि बिली लू वॉट, रे ओवेन्स आणि गिल्बर्ट मॅक या तीन आर्टिस्टनी जवळजवळ सगळ्या पात्रांचे आवाज काढले. तीन माणसं! पोराचा आवाज, म्हाताऱ्याचा, रोबोचा, खलनायकाचा. आजही आमच्याकडे बजेट कमी असलं की एका आर्टिस्टकडून तीन-चार पात्रं करून घेतो, पण शंभर एपिसोड टिकवून धरणं काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. लॅडना जपानी येत नव्हतं. पडद्यावर जपानी पाट्या दिसल्या की त्या काढायच्या किंवा बदलायच्या, नावं अमेरिकन करायची, मारामारी सौम्य करायची, हे सगळं विकत घेणाऱ्याच्या अटीत होतं. युद्ध संपून तेव्हा अठराच वर्षं झाली होती, आणि 'मेड इन जपान' म्हणजे स्वस्तातला माल असं तिकडे लोक समजत. म्हणून नाव पुसलं गेलं. मला ते आवडत नाही, पण ते का झालं ते कळतं.

पुढचं 'जंगल ताईतेई' 1965 चं, अमेरिकेत ते 'किंबा' नावाने गेलं. तिथे तर अमेरिकन पैसा आधीच आला होता आणि त्याबरोबर अटीही: रंगीत हवं, प्रत्येक एपिसोड सुटा हवा कारण लोकल स्टेशनवाले कुठलाही कधीही लावणार, आणि सिंहाचा बछडा मोठा होता कामा नये. तेझुकांच्या मूळ गोष्टीचा जीवच त्या मोठं होण्यात आहे. शेवटी सिंह मोठा झालेला भाग त्यांनी 1966 मध्ये जपानसाठी वेगळी मालिका म्हणून काढला. 52 एपिसोडचं 'किंबा' अमेरिकेत मात्र बछड्यावरच थांबलं. बाहेरच्या बाजाराने जपानच्या आतली गोष्ट बदलली, याचं इतकं स्पष्ट दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

1967 चं 'माख गो गो गो' म्हणजे तिकडचं 'स्पीड रेसर'. पीटर फर्नांडेझनी इंग्लिश स्क्रिप्ट लिहिली, डायरेक्शन केलं, हीरोचा आणि त्याच्या मुखवटेवाल्या भावाचा आवाज दिला आणि टायटल साँगचे इंग्लिश शब्दही त्यांचेच. मुख्य आवाज चारच जणांचे. त्यातलं धडाधड बोलणं, एका श्वासात तीन वाक्यं, मध्येच 'ओह्' आणि 'आह्', यावर लोक आजही हसतात, पण तो मघाचाच उघडझापीचा हिशेब आहे, अर्थ संपला तरी तोंड चालूच राहतं. आणि एक गोष्ट नक्की बघ. हीरोचं मूळ नाव गो मिफुने. इंग्लिशमध्ये तो झाला स्पीड, पण त्याच्या शर्टवर इंग्रजी 'जी' अक्षर तसंच राहिलंय, गो मधलं. प्रत्येक फ्रेममधून ते खोडणं परवडणारं नव्हतं. नाव पुसलं तरी शर्टवर उरलं, आणि मला तो 'जी' दिसला की दरवेळी बरं वाटतं.

युरोपात गोष्ट वेगळ्या दाराने आत शिरली. जर्मनीच्या झेडडीएफ या चॅनलने जपानी स्टुडिओबरोबर मिळूनच 'विकी' हे व्हायकिंग पोराचं कार्टून केलं, 1974 मध्ये, मग मधमाशीचं 'माया'. गोष्टी युरोपच्या, हात जपानी. आणि मग 'हायडी', 1974 ची, 52 एपिसोड, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता आणि सीनची मांडणी हायाओ मियाझाकींची. ही टीम 1973 मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर, घरं, कुरणं बघून आली होती, टीव्हीच्या कार्टूनसाठी! त्यात आजोबा चुलीच्या आगीवर चीज धरतात, ते हळूहळू फुगतं, वितळतं आणि ब्रेडवर ओघळतं, तो सीन बघितलेला माणूस तो विसरत नाही. घाई नाही, कुणी कुणाला हाणत नाही, नुसतं चीज वितळतंय आणि पोरगी बघतेय. 1975 मध्ये स्पेनच्या सरकारी टीव्हीवर आली, 1977 मध्ये जर्मनीत. तिकडच्या पोरांना ती आपलीच वाटली आणि वाटणारच, गोष्ट त्यांच्याच शेजारची होती.

रोबो आले ते 1978 मध्ये, आणि तेव्हा मात्र दणका बसला. गो नागाईंचं 'ग्रेंडायझर' जपानमध्ये 1975 ते 77 चाललं, 74 एपिसोड, तिकडे ते ठीकठाकच. एप्रिल 1978 मध्ये ते इटलीच्या सरकारी चॅनलवर आलं, आणि 3 जुलै 1978 ला फ्रान्समध्ये 'गोल्दोराक' नावाने, उन्हाळी सुट्टीत. फ्रेंच लेखकांनी पात्रांना आक्तारूस, आल्कोर अशी ग्रहताऱ्यांच्या वळणाची नावं दिली आणि ती चांगलीच बसली. पोरं इतकी वेडी झाली की 1979 च्या सुरुवातीला 'पारी मॅच' या मोठ्या साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्याचं वेड छापलं. इटलीत तर 1976 मध्ये कोर्टाच्या निकालाने लोकल खाजगी टीव्हीला वाट मोकळी झाली होती, एकदम ढिगाने छोटी चॅनल उघडली, प्रत्येकाला दिवसभर काहीतरी लावायचंय आणि पैसा नाही, आणि जपानकडे तयार एपिसोडचे ढीग पडलेले. या मालिकांचा खर्च जपानमध्येच खेळणी कंपन्यांच्या जाहिरातींवर बराचसा निघालेला असायचा, त्यामुळे बाहेर मिळेल ते वरचं. इटलीत जपानी कार्टूनचा पूर आला तो असा. 1980 मध्ये इमोला गावातल्या पालकांनी याविरुद्ध जाहीर तक्रार केली, पोरं बिघडतील म्हणून. तीच पोरं आज तिकडे चित्रकार आणि लेखक आहेत.

आता मला सगळ्यात जवळची गोष्ट, टायटल साँग. ज्या ज्या देशात ॲनिमे मुरलं तिथे त्याला लोकल गाणं मिळालं होतं. जर्मनीत 'माया'चं गाणं कारेल गॉट यांनी गायलं, केवढा मोठा गायक. इटलीत 'गोल्दरेक', म्हणजे तिकडच्या 'ग्रेंडायझर'च्या गाण्याची रेकॉर्ड भरपूर खपली. आणि लेबनॉनमध्ये, यादवी युद्ध चालू असताना, 'ग्रेंडायझर'चं अरबी डबिंग झालं, आवाज जिहाद अल-अत्रश यांचा आणि गाणं सामी क्लार्क यांचं. बाहेर गोळीबार आणि आत ही माणसं रोबोचे डायलॉग बसवतायत, हे आठवलं की मला स्टुडिओत लाइट गेल्याची तक्रार करायची हिंमत होत नाही. त्यांनी बोलीभाषा घेतली नाही, प्रमाण अरबी घेतली, फुसहा. त्यामुळे एकच डबिंग कुवेतपासून उत्तर आफ्रिकेपर्यंत चाललं, आणि हजारो पोरांच्या कानावर शुद्ध अरबी पडली ती कार्टूनमधून. हा निर्णय ज्याने घेतला त्याला भाषा कळत होती.

फिलिपिन्समध्ये 'व्होल्टेस फाइव्ह' 1978 मध्ये आलं, इंग्लिश डबमध्ये पण गाणं मूळ जपानीच ठेवून, आणि पोरांनी ते जपानी गाणं अर्थ न कळता तोंडपाठ केलं. ऑगस्ट 1979 मध्ये मार्कोस सरकारने हिंसेचं कारण देऊन अशा रोबो मालिकांवर बंदी घातली, ऐन शेवटाच्या तोंडावर. अन्यायी राजवटीविरुद्ध उठाव होतो अशीच त्या मालिकेची गोष्ट असल्यामुळे लोकांनी त्या बंदीचा अर्थ आपापला लावला. 1999 मध्ये ते शेवटचे भाग एकत्र करून थिएटरमध्ये दाखवले तेव्हा ती पोरं स्वतः आईबाप झाली होती आणि रांगेत उभी होती.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, वाट लावली का. काही वेळा लावली, हो. 1972 चं 'गाचामान' 1978 मध्ये अमेरिकेत 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' झालं, सँडी फ्रँक या वितरकाने आणलेलं. 105 पैकी 85 भाग केले, माणसं मरण्याचे सीन कापले, आणि कापल्यावर जी भोकं पडली ती भरायला एक नवाच बडबड्या रोबो काढून घातला, जो येऊन सांगतो की शहर आधीच रिकामं केलं होतं, कुणाला काही झालं नाही. शहर डोळ्यासमोर कोसळतंय आणि आवाज सांगतोय सगळे सुखरूप आहेत. हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही, कारण आवाजाने चित्राशी खोटं बोलायचं नसतं.

पण 1985 चं 'रोबोटेक' घे. त्याला सगळे शिव्या घालतात की कार्ल मेसेकनी तीन वेगवेगळ्या मालिका जोडून एक केली. का केली? आठवड्याचे पाच दिवस रोज लावायला स्टेशनांना कमीत कमी 65 भाग हवे असायचे, आणि 'माक्रोस' होती 36 भागांची. एकटी विकलीच गेली नसती. दोन आणखी जोडल्या, 85 झाले. आणि त्याने मृत्यू ठेवले, सलग चालणारी गोष्ट ठेवली, प्रेमाचा त्रिकोण ठेवला. शाळेतून आलेल्या अमेरिकन पोराने पहिल्यांदा कार्टूनमध्ये आवडतं माणूस मेलेलं बघितलं आणि ते दुसऱ्या दिवशी परत आलं नाही. त्याच धक्क्याने ती पोरं विचारायला लागली की हे मूळ कुठलं आहे. माझं मत स्पष्ट आहे, मेसेक नसते तर त्यातली अर्धी पोरं मूळ 'माक्रोस'पर्यंत कधी पोचलीच नसती.

विचारणारे त्याआधीही होते म्हणा. लॉस एंजेलिसमध्ये 1977 मध्ये फ्रेड पॅटन आणि इतरांनी 'कार्टून फँटसी ऑर्गनायझेशन' हा क्लब सुरू केला. तेव्हा तिकडच्या जपानी वस्तीसाठी लोकल चॅनलवर जपानी कार्यक्रम लागायचे, नवीन आलेल्या व्हीसीआरवर लोक ते टेप करायचे आणि जमून बघायचे. मग जपानमधल्या मित्रांशी टेपची देवाणघेवाण. इथे एक योगायोग कामाला आला, जपान आणि अमेरिका दोघांची टीव्ही सिस्टिम एनटीएससी, म्हणजे जपानची टेप अमेरिकेतल्या व्हीसीआरमध्ये घातली की सरळ चालायची. आपल्याकडे आणि युरोपच्या बऱ्याच भागात पाल, फ्रान्समध्ये सेकाम, तिथे तीच टेप घातली तर चित्र धड दिसायचं नाही. हौशी लोकांचं टेपचं जाळं अमेरिकेत इतक्या लवकर का वाढलं याचं एक मोठं कारण हे आहे. कॉपीची कॉपी, तिची कॉपी, चौथ्या हाताला लाल रंग पसरायचा, आवाजात घरघर, आणि तरीही बघायचे, भाषा न कळता, कुणीतरी टाइप केलेला गोषवारा हातात धरून. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमिगा कॉम्प्युटर आणि गेनलॉक, म्हणजे कॉम्प्युटरची अक्षरं व्हिडिओच्या चित्रावर बसवणारं यंत्र, जोडून लोक घरीच सबटायटल टाकायला लागले. पैसा नाही, नाव नाही, नुसती तळमळ.

आपल्याकडचं तर तुला माहीत असेलच, निदान आईबाबांना विचार. 'जंगल बुक', निप्पॉन ॲनिमेशनची 1989 ची मालिका, 52 भाग, दूरदर्शनवर 1993 मध्ये रविवारी सकाळी. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांची चाल, आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. वाघाने नुसतं 'हं' केलं तरी आमच्या चाळीत पोरं गप्प व्हायची. ते जपानी आहे असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही, आणि यात फसवणूक वगैरे काही नव्हती, डबिंग चांगलं झालं की असंच होतं. त्याच सुमारास युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून 'रामायण' हा ॲनिमेशनपट पूर्ण केला, तो जपानी हातांनी काढलेला आहे हे मात्र सगळ्यांना माहीत होतं, आणि नीट थिएटरला यायला त्याला फार वाट बघावी लागली.

नाव लपवणं बंद झालं ते मुख्यतः 'अकिरा'पासून. 1988 चा सिनेमा, 1989 च्या शेवटी अमेरिकेत, 1991 मध्ये ब्रिटनमध्ये. तो जपानी आहे म्हणूनच विकला गेला, शहराचं नाव निओ-टोकियोच राहिलं, पाट्या जपानीतच राहिल्या. आणि डबिंगच्या दृष्टीने तो सगळ्यात अवघड, कारण त्यात आवाज आधी रेकॉर्ड केले आणि चित्रं नंतर काढली, म्हणजे ओठ खरोखर जपानी बोलतात. तीन तोंडांची सोय गेली. पुढच्या क्लासला 'ॲस्ट्रो बॉय'ची पाच मिनिटं आणि 'अकिरा'ची पाच मिनिटं आवाज बंद करून लावू, कागद-पेन घेऊन बस आणि एकेका वाक्याची उघडझाप मोज. पहिल्यात तुला दहा मिनिटांत मराठी सुचायला लागेल. दुसऱ्यातलं एक वाक्य बसवायला संध्याकाळ जाईल, ती जाऊ दे, मी थांबेन.